‘स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला?’

‘स्टेम सेल (मूळपेशी) तुमच्या स्वतःच्याच असतात. लॅबमध्ये कितीही वाढवल्या तरी जनुकं तीच राहतात. वर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) नॉर्मल असल्याचा रिपोर्ट मिळतो. म्हणून धोका शून्य.’ गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर इलाज सांगणारा हा मजकूर मला महिन्याभरात तीन नातेवाइकांनी पाठवला. मामेभावाने तर विचारलंच, ‘तू याच धंद्यातला, खरं आहे का रे?’ चारपैकी पहिलं वाक्य खरं असू शकतं. बाकीच्यांचं बघू.

‘जनुकं तीच राहतात.’ पेशी दुभंगताना चुका होतातच, पण फार नाही. खरी गोम आहे ती निवडीत. भ्रूणापासून मिळवलेल्या किंवा आयपीएस पेशी (म्हणजे साध्या पेशींना लॅबमध्ये पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या) सुट्या केल्या की बऱ्याच मरतात. अशा वेळी विसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा एखाद्या पेशीत जादा झालेला असेल, तर ती तगते. कारण त्या तुकड्यात पेशीचा मृत्यू टाळणारं बीसीएल२एल१ हे जनुक असतं. काही आठवड्यांत डिशभर तिचाच गोतावळा. बघणाऱ्याला काय दिसतं? कालपर्यंत रडतखडत वाढणाऱ्या पेशी अचानक झकास वाढायला लागतात. नवा विद्यार्थी खूश होतो, जुनी माणसं मात्र नायट्रोजनच्या टाकीतून आधीच्या पॅसेजची गोठवलेली कुपी काढायला उठतात. (वाढलेल्या पेशी सुट्या करून नव्या डिशमध्ये टाकल्या की एक पॅसेज.) २०११ मध्ये जगभरातल्या ३८ प्रयोगशाळांमधल्या भ्रूणीय पेशींच्या १२५ आणि आयपीएसच्या ११ वंशावळी (एकाच मुळापासून वाढवत आणलेल्या पेशी) तपासल्या गेल्या. बहुतेकींचा कॅरिओटाइप नॉर्मल निघाला, हेही सांगायला हवं. पण विसाव्या गुणसूत्राचा तो वाढीव तुकडा २० टक्क्यांहून अधिक वंशावळींत होता.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? कारण कॅरिओटाइप म्हणजे साधारण वीसेक पेशींची गुणसूत्रं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. डीएनएच्या ५० लाख अक्षरांपेक्षा लहान बदल त्यात सहसा दिसत नाही, एका अक्षराचा तर नाहीच. २०१७ मध्ये भ्रूणीय पेशींच्या १४० वंशावळींचं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, झालं, तेव्हा ५ वंशावळींत टीपी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकात बिघाड सापडला.

‘स्वतःच्याच’ म्हटलं की शरीर पेशी नाकारण्याची भीती कमी होते, एवढंच. जपानमध्ये कोबेला २०१४ मध्ये नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशींच्या गटाने एका वृद्धेच्या स्वतःच्या आयपीएस पेशींपासून बनवलेला थर तिच्या डोळ्यात बसवला. पुढच्या रुग्णाच्या पेशींमध्ये जनुकीय बदल आढळले आणि ते रोपण थांबवलं गेलं. त्या बदलांनी कर्करोग होईलच असं सिद्ध झालं नव्हतं, तरी थांबवलं.

आता गुडघ्याचं. तिथे टोचतात त्या बहुधा चरबीतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी, म्हणजे वेगळी जात. त्या लॅबमध्ये फार काळ वाढवल्या की कर्करोगी होतात, असं २००५ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात म्हटलं होतं. पुढे तो मागे घेतला गेला. अशा काही प्रकरणांत डिशमध्ये दुसऱ्याच कर्करोगी पेशी शिरल्या होत्या. या पेशी सहसा म्हाताऱ्या होऊन वाढायच्या थांबतात. तेव्हा ‘स्टेम सेल घेतल्या की कॅन्सर’ हा उलटा फॉरवर्डही पाठवू नका. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतलं रक्तपेशींच्या मूळपेशींचं रोपण सोडलं, तर बाकी वापर मंजूर चाचणीत किंवा औषध नियंत्रकांची मंजुरी मिळालेल्या उत्पादनापुरताच करता येतो. गुडघ्यासाठी स्वतःच्याच पेशी लॅबमध्ये वाढवून पैसे घेऊन टोचणं त्यात बसत नाही.

मामेभावाला म्हटलं, हा इलाज विकणाऱ्यांना एवढंच विचार: रिपोर्ट कितव्या पॅसेजचा, आणि टोचणार त्या पेशी कितव्या? त्याने विचारलं. उत्तरादाखल त्याला तोच मजकूर पुन्हा आला.