आठचा फॅक्टोरियल उणे असतो, लिहून घ्या

पोराला कॉम्प्युटरला टाकायचंय ना? टाका की. जळगाव-भुसावळकडे पारा 45 वर गेला की कॉलेजात थंड जागा एकच उरते, ती म्हणजे लॅब. तेवढ्यासाठी तरी फी वसूल. फक्त चपला बाहेर काढायच्या, आत मशीनं आहेत.

तर पहिला सल्ला: की-बोर्डला हात लावू नका. आपल्याकडे प्रोग्रामिंग हा सुलेखनाचा विषय आहे. जर्नलच्या रेघांच्या पानावर निळ्या पेनाने प्रोग्राम, समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आउटपुट, त्याला पट्टीने चौकट. अक्षर वळणदार असलं की मार्क कुठे जात नाहीत. ज्यांचं अक्षर वाईट त्यांनी बहिणीकडून लिहून घ्यावं. आमच्या काळी असंच चालायचं.

दुसरं, टर्बो सी, म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, सोडायचं नाही. बोरलँडने ते 1987 साली बाजारात आणलं. आजच्या लॅपटॉपवर ते सरळ उठतसुद्धा नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून चालवावं लागतं, आजोबांना सलाइन लावून मतदानाला नेल्यासारखं. पण निळा पडदा दिसला की सरांना बरं वाटतं. 'व्हॉइड मेन' लिहा. कोनिओ डॉट एच ही फाइल जोडा, ती सीच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच्या तयार साहित्यात, कधीच नव्हती तरी जोडा. क्लिअर स्क्रीन विसरलात तर अर्धा मार्क गेलाच.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सी कोणी केली विचारलं की डेनिस रिची, 1972. पुढचं कोणी विचारत नाही.

तिसरा सल्ला सगळ्यात मोलाचा. आउटपुट मशीनवरून घेऊ नका, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवा. आमच्या भाच्याने हे ऐकलं नाही आणि सगळं घर गोत्यात आलं. मागच्या महिन्यात अमळनेरला बहिणीकडे गेलो, तर भाचा तोंड पाडून बसलेला. जर्नल परत आलं होतं. प्रोग्राम साधा, फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंत सगळे आकडे गुणायचे. आकडा दिलाय आठ. याने घरच्या लॅपटॉपवर जीसीसीत, म्हणजे सीच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवून पाहिला, उत्तर आलं 40320, तेच लिहिलं. त्यावर लाल पेनाने आडवी फुली आणि खाली 'आउटपुट चूक, पुन्हा लिहा'. मग बरोबर काय? वर्गातल्या बाकी सगळ्यांच्या जर्नलात उणे 25216.

उणे! एक, दोन, तीन, चार करत आठपर्यंत गुणत गेलो तर वाटेत उणे भेटतं कुठे? पाव किलो शेवेचा हिशोब करणारा दुकानदारसुद्धा म्हणेल, भो, काहीतरी गडबड आहे. गडबड काय तीही ऐका. टर्बो सीमधला साधा इंट, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचा मेमरीतला डबा, दोन बाइटांचा. तो 32767 च्या वर मोजूच शकत नाही. त्याच्या पुढे गेला की मोटारसायकलच्या मीटरसारखा फिरून उण्याच्या टोकाला जाऊन पडतो. 40320 मधून 65536 वजा करा, येतं उणे 25216. जीसीसीत इंट चार बाइटांचा, म्हणून तिथे आठचं उत्तर नीट आलं. तेही तेराला बोंबलतं, पण तो पुढचा धडा. अहो, त्या एका उणे चिन्हात अख्ख्या सेमिस्टरचं शिक्षण होतं! मेमरी म्हणजे काय, बाइट म्हणजे काय, मशीन चुकीचं उत्तर किती आत्मविश्वासाने देतं, सगळं. फळ्यावर दहा मिनिटांत होणारी गोष्ट. त्याऐवजी ते चिन्ह वर्षानुवर्षं एका जर्नलातून दुसऱ्या जर्नलात पेन्सिलीने उतरतंय आणि शेजारी सही पडतेय.

मी सरांना फोन केला, अगदी नम्रपणे. सर म्हणाले, "तुमचं बरोबर असेल, पण एक्स्टर्नल परीक्षक येतात तेव्हा सगळ्यांचे आउटपुट सारखे लागतात."

ऐकलंत? सारखे लागतात.

बरं, कॉलेज नको असेल तर घरीच शिका. फार सोपं आहे. 'बारा तासांत पायथन भाषा' असला व्हिडिओ लावा आणि दुप्पट वेगाने बघा, सहा तासांत येतं. पहिला भाग संपला की दुसऱ्याच मास्तरचा पहिला भाग लावा. एरर आली की वाचायची नाही, चॅटबॉटला चिकटवायची. बिल गेट्सने हार्वर्ड सोडलं हे घरी रोज ऐकवा. तो तेराव्या वर्षापासून शाळेतल्या टेलिटाइपवर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या टाइपरायटरवर, प्रोग्राम लिहीत होता, हे आईला सांगायची गरज नाही.

यात मी स्वतःला वगळत नाही. मीही घरीच शिकलो आणि पहिलं काम केलं ते सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या बिलांचं. पैसे दशांशातच ठेवायचे असतात असं मला वाटलं. दिवाणजींनी तिसऱ्याच दिवशी वही आपटली, बेरीज पैशापैशाने चुकते म्हणून. कॉम्प्युटरला दहा पैसे दहा वेळा मिळवायला सांगा, रुपया होत नाही, 0.9999999999999999 होतो. बायनरीत, म्हणजे मशीनच्या शून्य-एकच्या मोजणीत, 0.1 नेमका बसतच नाही. दोन रात्री जागून मला ते कळलं. कॉलेजात शिकलेल्या मित्राला विचारलं तर म्हणाला, "हो, हे होतं आम्हाला, चार मार्काला."

चार मार्काला!

आता थट्टा नको. सर, तुम्हाला आठ साते छप्पन्न येतं ना? मग सही करताना डोळे कुठे असतात? एका पोराने स्वतः चालवून बघितलं, तर त्याला फुली? पगार कशाचा घेता, चौकटी मोजण्याचा? आणि आईबापांनो, फीची पावती जपून ठेवता, तर एकदा तरी पोराला विचारा, बाबा, यातलं एखादं चालवून दाखव. आणि घरी शिकणाऱ्यांनो, व्हिडिओ बंद करा आधी. लाल अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. एरर वाचायला कोणाची परवानगी लागत नाही, वायफायसुद्धा लागत नाही. कंटाळा येतो म्हणे! मग दुसरं काहीतरी करा, केळीचा धंदा वाईट नाही.

भाच्याने विचारलं, "मामा, आते काय करू?" मी तोंड उघडायच्या आत बहीण आतून ओरडली, "उणे ते उणे, लिखी टाक! मार्क कटतीन."

आणि एवढा सगळा बोलणारा मी गप्प बसलो.

त्याने 40320 खोडलं, पट्टी घेतली, नवी चौकट आखली. उणे चिन्ह मात्र पेन्सिल दाबून जरा जास्तच लांब ओढलं.