मुलाकडे न बघता प्रगतिपुस्तक कसं भरावं

नवीन रुजू झालात ना गुरुजी? अभिनंदन. त्यात शाळा सोलापुरात मिळाली, म्हणजे नशीबच काढलंत. इथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा आहेत आणि पोरांच्या घरी कधीकधी पाचवीच भाषा असते. त्यामुळे एकच सूत्र धरा: मूल गप्प बसलं की त्याला काही येत नाही. शहराच्या पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू वस्तीतलं पोरगं तुमचा मराठी प्रश्न आधी मनातल्या मनात तेलुगूत फिरवून घेतं आणि मग तोंड उघडतं, असल्या भानगडीत पडू नका. ते तोंड उघडेपर्यंत तुम्ही पुढच्या बाकाजवळ पोचलेलं असावं.

पोरं पारखायला पहिला आठवडा पुष्कळ झाला. हजेरी घेतानाच वडील काय करतात ते विचारून टाका. "यंत्रमागावर," असं उत्तर आलं तर "बरं, बस." "बँकेत," असं आलं तर "वा! पुढं ये, मॉनिटर हो." पत्ता विडी घरकुलचा, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीचा असेल तर पुढचं विचारायचीही गरज नाही. मग अक्षर बघा. अक्षर वळणदार असेल तर बुद्धीही वळणदारच असणार. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1920 साली लिहून ठेवलंय की, लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसाला एका गुणात चांगलं ठरवलं की बाकीच्या गुणांतही चांगलंच ठरवून मोकळे होतात. बिचाऱ्यानं तक्त्यांची आकडेमोड केली. आपल्याला वहीचं कव्हर पुरतं.

1912 सालची आणखी एक गंमत. स्टार्च आणि इलियट या दोघा अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला धाडली. शंभरापैकी कुणी 64 दिले, कुणी 98. त्यांनी यावरून गुणांवर भरवसा ठेवू नये असा निष्कर्ष काढला. आपण असा काढावा की मधले 34 गुण देवानं गुरुजींच्या मर्जीसाठीच मोकळे ठेवलेत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 1968 साली रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांचा एका शाळेतला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, ही यंदा फुलणार. नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काढलेली होती. तरी पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच इतरांच्या पुढं गेली! या प्रयोगावर नंतर बराच वाद झाला, तेवढाच वाद लक्षात ठेवा. नाहीतर शेवटच्या बाकावरच्यांबद्दलही चांगलं बोलायची वेळ यायची.

आता नोंदींकडे वळू, कारण खरं कसब तिथं आहे. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचं, अ-1 पासून इ-2 पर्यंत उतरत्या श्रेणी, आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. पहिली-दुसरीला तर 70 गुण आकारिकचे. म्हणजे रोज मुलाचं निरीक्षण करायचं, तोंडी काम बघायचं, कृती बघायची. यातला "रोज" हा शब्द मनाला लावून घेऊ नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरत असते. "परिसरातील घटनांचे निरीक्षण करतो." "स्वतःच्या भावना योग्य शब्दांत व्यक्त करतो." सत्राच्या शेवटी दोन रात्री बसलं की साठ पोरांचं सातत्य पूर्ण होतं. मुलींच्या पुढं "करते" लिहायचं तेवढं ध्यानात ठेवा. माझ्या पाहण्यातल्या एका नोंदवहीत वर्गातल्या झाडून सगळ्या मुली "मित्रांना मदत करतो" होत्या, आणि खाली साहेबांची सही होती.

निरीक्षणाच्या नादाला लागलं की काय होतं, ते सांगतो. तिसरी-चौथीतली एक पोर घ्या. आई विड्या वळते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार, आणि मजुरी हजारावर. पोर संध्याकाळी आईशेजारी बसून कट्टे मोजते. कारखान्यातल्या माणसानं तीन कट्टे खराब म्हणून बाजूला काढले की "नऊशे पंचवीसचे पैसे" हे ती त्याच्या पेनाच्या आधी बोलते. आता हीच पोर वर्गात उभी करा आणि विचारा: एका पेटीत 25 आंबे, तर 40 पेट्यांत किती? ती गप्प. आंब्याची अख्खी पेटी तिच्या घरात कधी आलेलीच नाही. तुम्ही बेलाशक लिहा, "गणितात मागे, अधिक सरावाची गरज." उगाच आंब्यांऐवजी कट्टे घालून विचारायला जाल आणि उत्तर बरोबर आलं तर भरलेला तक्ता खोडावा लागेल. खाडाखोड साहेबांना चालत नाही.

गैरहजेरीचंही तसंच. "सर, पाणी आलंय, आई बोलवालीय," असं म्हणून पोर तास अर्ध्यावर सोडून उठून गेलं तर शेरा "अभ्यासात रस नाही". नळाला काही दिवसांआडच पाणी येतं हा महापालिकेचा विषय, तुमचा नव्हे. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत वर्ग ओस पडतो, तो मात्र माफ. त्या दिवसांत आपणही जातोच.

राहता राहिला बदल. त्याला घाबरायचं काहीच कारण नाही, बदल फक्त रजिस्टरच्या पहिल्या पानावर होतो. 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला, 2021 ला वाचन-गणिताचं निपुण भारत आलं, आता प्रगतिपुस्तकाच्या जागी समग्र प्रगती पत्रक आलंय. प्रत्येक वेळी जुन्या वहीला नवं कव्हर. मुलानं स्वतः करून शिकावं असं सांगणारा ज्ञानरचनावाद आला तेव्हा फरशीवर रंगीत वर्तुळं काढून घेतली. मुलं त्या वर्तुळांत बसून फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली. आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं तेव्हा "पोरांना भीतीच राहिली नाही" म्हणायचं. 2023 ला राज्यानं पाचवी-आठवीची परीक्षा परत आणली, आता "पोरांवर दडपण येतंय" म्हणायचं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे जगभर गाजले, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले आणि अर्धी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटूनही टाकली. त्यांचा फोटो व्हरांड्यात लावा, खाली "आपल्या जिल्ह्याचा अभिमान" लिहा. पोरांच्या पुस्तकातला कोड उघडायचा मोबाइल बापाच्या खिशात आहे आणि बाप पाळीवर आहे, हे फोटोत येत नाही.

तुम्ही म्हणाल, मतदार याद्या, खिचडीचा हिशेब, रोज एक लिंक, रोज एक फोटो. पोरांकडे बघायला वेळ कुठाय? हे कारण शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच ते जपून वापरा. आधी खोटी कारणं संपवा.

पालकसभेला त्या पोरीची आई येईल, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. बोटांना तंबाखूचा वास असेल. म्हणेल, "ओ सर, पोरगी हिशोबाला लई पक्की आहे की. परवा कारखान्यात माझे दोन कट्टे कमी लिहिले होते, हिनंच धरलं." तिला मधेच थांबवा. प्रगतिपुस्तकातली क-2 दाखवा आणि समजावून सांगा, "ताई, पोरीला घरी विड्या मोजायला बसवू नका, त्यानंच गणित कच्चं राहिलंय." मग सही घ्या. तारीख मागची टाका.