हजेरीपत्रकावर जात, मोबाईल आणि सही

शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या आवडत्या मुहूर्तावर, आमच्या संस्थेला परदेशी देणगीदारांचा मेल आला. तिमाही अहवालाचा नमुना बदललाय. आता प्रत्येक कार्यशाळेचे जिओ-टॅग केलेले फोटो हवेत आणि त्यात चेहरे स्पष्ट दिसायला हवेत. शिवाय हजेरीपत्रक: नाव, गाव, जात, मोबाईल, सही. लागू कधीपासून? गेल्या तिमाहीपासून!

गेल्या तिमाहीतली कार्यशाळा होती अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्रारदारांची. त्यातल्या काही बायकांच्या गुन्ह्यात बलात्काराचं कलम आहे. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं कलम 23 वेगळं. आणि यांना अक्षांश-रेखांशासकट चेहरा हवाय, कारण पुढे तोच त्यांच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकणार. अहो, या बायका घरी 'रेशनकार्डाचं काम आहे' सांगून तालुक्याला येतात. आरोपीचं घर त्यांच्याच आळीत असतं.

कहर पुढेच आहे. त्याच मेलला दुसरं जोडपत्र होतं, माहिती-सुरक्षेचं धोरण, सही करून परत पाठवायला. त्यात लिहिलंय: सहभागींची वैयक्तिक माहिती कमीत कमी गोळा करावी. दोन्ही कागद एकाच माणसानं जोडलेत. वाचले असतील अशी शंका घ्यायलाही जागा नाही.

यावर रीतसर मार्ग आहे. हजेरीपत्रकावर फक्त सांकेतिक क्रमांक घाला. नावांची यादी संस्थेच्या कपाटात कुलूपबंद ठेवा, लेखापरीक्षकानं येऊन तिथंच डोळ्यांनी पडताळावी, झेरॉक्स मिळणार नाही. फोटो पाठमोरे, मोबाईलचं लोकेशन बंद, गावाच्या जागी फक्त तालुका. एवढं सविस्तर कळवलं तर उत्तर काय, तर पोर्टल रिकामा रकाना स्वीकारत नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यापुढे लाल तारांकित रकाना जिंकला.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही ऐका. वडापाव-चहासाठी तीन कोटेशनं हवीत. त्या गावात हॉटेलच एक आहे, तर उरलेली दोन त्याच्या मेव्हण्याकडून आणायची का? एसटीचं तिकीट थर्मल कागदाचं. ऑडिटपर्यंत पांढरंफटक होतं, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, आणि मग ऑडिटर विचारणार, 'मूळ प्रत कुठाय?' अंदाजपत्रक युरोत. विनिमय दर पडला की तूट आमची, चढला की शिल्लक परत करा. बॅनरवर त्यांचा लोगो आमच्या नावापेक्षा मोठा हवा, आणि ज्या गावात निनावी राहायचंय तिथेही हवाच.

प्रकल्पाचं नाव 'स्थानिक संस्थांमार्फत मानवी हक्कांचं सक्षमीकरण'. मार्गदर्शिकेत दर वर्षी न चुकता सल्ला असतो: गावपातळीवरच्या छोट्या गटांना उप-अनुदान द्या. देता येत नाही हो! 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएच्या, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याच्या, कलम 7 प्रमाणे परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही, तिची स्वतःची नोंदणी असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्याच दुरुस्तीत 50 टक्क्यांवरून 20 वर आली. आणि त्या 20 मध्ये काय काय बसवायचं ते त्याच कायद्याच्या नियमांतल्या नियम 5 मध्ये वाचा: भाडं, हिशेब ठेवण्याचा खर्च, वकिलांची फी, अहवाल लिहून सादर करण्याचा खर्च. म्हणजे यांच्या वाढत्या अहवालांचा खर्च आणि कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाची फी एकाच डब्यातून. अहवाल फुगला की वकील हातचा जातो, इतकं सरळ गणित आहे.

यात आम्हीही काही कमी नाही. ब्रसेल्स-जिनिव्हाकडून जी फॅशन निघाली तिला आम्ही प्रस्तावाच्या पहिल्या पानावर पाट मांडून बसवलं. आता घरी कुणी भाजीचा हिशेब विचारला तरी डोक्यात निष्पत्ती, निर्देशक आणि पडताळणीचं साधन असे रकाने उभे राहतात. घरचेही आता नुसती मान हलवतात, आमच्या प्रशिक्षणार्थींसारखी.

पण स्थानिक संस्था म्हणजे काय, ते तरी बघा. अ‍ॅट्रॉसिटी नियमांतल्या नियम 17 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा. तिला बळकट करायला देणगीदार काय देतात? सदस्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि कापडी पिशवी. अधिकारी सदस्यांची बदली झाली की नव्यांना पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा पिशवी. 'प्रशिक्षित व्यक्ती' हा आकडा मात्र दणक्यात वाढतो.

समितीला लागतं ते वेगळंच. बैठकीआधी प्रत्येक गुन्ह्याचा एका पानाचा तक्ता हवा: गुन्हा नोंदणी क्रमांक, तपास अधिकारी डीवायएसपी दर्जाचा आहे का, 60 दिवसांत दोषारोपपत्र गेलं का, पीडितांच्या सरकारी अर्थसाहाय्याचा कुठला हप्ता अडकलाय. जातिवाचक शिवीगाळीच्या गुन्ह्यात एफआयआरला 25 टक्के, दोषारोपपत्राला 50, शिक्षा झाल्यावर 25. अडतो बहुधा मधलाच, कारण पोलीस ठाण्याकडून समाजकल्याणकडे दोषारोपपत्राची प्रतच जात नाही. हा तक्ता बनवायला पोलीस ठाणी आणि समाजकल्याण कार्यालयात हेलपाटे मारणारा एक माणूस लागतो. मग बैठकीचं इतिवृत्त मागायचं, नाही दिलं तर माहिती अधिकार. एवढंच काम. पण या माणसाच्या पगारासाठी देणगीदारांकडे रकाना नाही, कारण त्यात 'नावीन्य' दिसत नाही.

नावीन्य म्हणून यंदा काय सुचवलंय माहितीये? तक्रारदारांसाठी मोबाईल अ‍ॅप. लॉगिनला आधार!