तारापूर २१० वरून १६० वर का आलं?

‘तारापूरची १९६९ची अणुभट्टी इतकी झिजली की २१० मेगावॅटवरून १६० वर आणावी लागली. तेव्हापासून तिथं काही बदललेलं नाही आणि इंधन आजही अमेरिकाच देते,’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. यातले आकडे बरोबर आहेत, बाकी नाही.

आधी २१० आणि १६०. तारापूरच्या पहिल्या दोन संचांत (एक संच म्हणजे एक भट्टी आणि तिचं टर्बाइन) टर्बाइनला वाफ दोन वाटांनी मिळायची. एक वाट थेट भट्टीतून. दुसरी दुय्यम वाफजनित्रांतून: भट्टीतलं तापलेलं पाणी बारीक नळ्यांतून फिरायचं, नळ्यांबाहेरचं पाणी उकळायचं आणि ती कमी दाबाची वाफ टर्बाइनच्या मधल्या टप्प्यात सोडायची. या नळ्या गळू लागल्या. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे नळी फुटली की भट्टीतलं किरणोत्सारी पाणी दुय्यम बाजूला जाणार. उपाय एकच, गळकी नळी शोधून तिला बूच मारायचं. पण ते काम माणसानं किरणोत्साराचा डोस अंगावर घेत करायचं, आणि एक नळी बंद केली की पुढची गळते. शेवटी ऐंशीच्या दशकात ही जनित्रं सेवेतून काढली. एकट्या थेट वाफेवर संच १६० मेगावॅट देतो. गेलेले ५० हे दुसऱ्या वाटेचे होते. भट्टीचं पात्र झिजल्याचा त्याच्याशी संबंध नाही.

‘काही बदललं नाही’ हे तर साफ खोटं. २००५-०६ मध्ये दोन्ही संच काही महिने थांबवून मोठ्या क्षमतेचे आणीबाणीचे डिझेल जनित्र बसवले, दोघांत सामायिक असलेल्या यंत्रणा वेगळ्या केल्या, पर्यायी नियंत्रण कक्ष उभारला. मूळ आराखड्यातली खरी कमजोरी ही सामायिक यंत्रणाच होती.

इंधनाचं थोडक्यात: १९६३चा करार अमेरिकेशी होता, पण १९७४च्या पोखरण चाचणीनंतर पुरवठा अडखळला आणि मग थांबला. पुढे या दोन संचांना लागणारं समृद्ध (विखंडनक्षम अंश वाढवलेलं) युरेनियम फ्रान्स, चीन, रशिया यांच्याकडून आलं. संच ३ आणि ४ तर नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालतात; त्यांचा या वादाशी काही संबंध नाही.

वयाची काळजी रास्तच आहे, फक्त ती योग्य जागी करा. २०२० मध्ये दोन्ही जुने संच थांबले, ते भट्टीचं पाणी फिरवणारे रीसर्क्युलेशन पाइप बदलण्यासाठी. वाफजनित्रांशिवाय हे संच पस्तीसेक वर्षं चालले. या पाइपांशिवाय एक दिवसही चालणार नाहीत.