कुत्री धावली, पण कोणाकडे?

नोव्हेंबर 2021 मध्ये पालघरच्या जव्हारहून झाप गावी ड्रोनने लस गेली, तेव्हापासून वाद चालूच आहे: आधी ड्रोन की आधी रस्ता? तिकडे अलास्कात असंच भांडण जानेवारी 1925 मध्ये झालं होतं: विमान की कुत्री?

किनाऱ्यावरच्या नोम गावात घटसर्प पसरला होता, बंदर गोठलेलं. डॉक्टर कर्टिस वेल्च यांच्याकडच्या अँटिटॉक्सिनची, म्हणजे घटसर्पावर टोचायच्या औषधाची, मुदत संपलेली. नवं मागवलं होतं, ते शेवटच्या बोटीनेही आलं नाही. अँकरेजच्या रेल्वे रुग्णालयात 3 लाख युनिट सापडली. विमानाने पाठवा, असा आग्रह झाला. पण फेअरबँक्सची विमानं उघड्या कॉकपिटची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांची, तीही हिवाळ्यासाठी खोलून ठेवलेली. गव्हर्नर स्कॉट बोन यांनी बर्फावरची गाडी ओढणारी कुत्री निवडली.

काचेच्या कुप्या गोधडीत गुंडाळून धातूच्या नळकांड्यात घातल्या. वजन सुमारे 9 किलो. नेनानापर्यंत रेल्वे, तिथून 20 गाडीवान, दीडशेच्या आसपास कुत्री, जवळपास 1085 किलोमीटर, साडेपाच दिवस. एरवी याच वाटेने टपालाला तीन आठवड्यांहून जास्त लागत. टप्प्याटप्प्यावर ताजी कुत्री जोडायची, मधल्या खानावळीत औषध शेकोटीजवळ ऊब देऊन पुढे न्यायचं. उणे 45 अंशांत पट्टा घासून कुत्र्याच्या जांघेला हिमदंश होतो, म्हणून तिथे सशाचं कातडं बांधतात. चार्ली एव्हान्सकडे ते नव्हतं. त्याची पुढची दोन कुत्री दगावली. यातले बरेच गाडीवान अथाबास्कन, म्हणजे अलास्कातले आदिवासी, टपालाच्या वाटेवर मुरलेले. पुतळा मात्र नोममध्ये शिरलेल्या गाडीच्या बाल्टो कुत्र्याचा झाला.

2 फेब्रुवारीला पहाटे औषध पोचलं ते गोठलेलं, तरी वापरता आलं. कारण नोममध्ये ते टोचणारा डॉक्टर होता, नर्स होत्या, छोटं का होईना रुग्णालय होतं.

आपल्याकडच्या वादातून नेमकं हेच गळतं. ड्रोन औषध नेतो. रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीतून येतो तो रुग्ण. सर्पदंशाचं प्रतिविष भुकटीच्या रूपात मिळतं, त्यामुळे पावसाळ्याआधीच साठवता येतं. पहिल्याच डोसला 8 ते 10 कुप्या लागतात, त्या सलाईनमधून द्यायच्या. तीव्र अॅलर्जी उठली तर अॅड्रेनलिन लगेच टोचावं लागतं, म्हणून ते सिरिंजमध्ये भरून हाताशी हवं. कुप्या ड्रोनने नऊ-दहा मिनिटांत उतरल्या आणि आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामीच असेल, तर त्या सिरिंजला हात लावणार कोण?