चढणीचे मासे, गाबोळी आणि कायदा

मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की मुळशी, मावळ आणि वेल्ह्याच्या ओढ्यांमधून मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे निघालेला हा चढणीचा मासा धरणे फार सोपे असते, कारण ओढ्याच्या अरुंद तोंडाशी जाळे लावले की काम होते. साफ करताना पोटावर सुरी फिरवली की गाबोळीच्या दोन लांबट, पिवळसर पिशव्या बाहेर येतात आणि त्यांत हजारो अंडी असतात. गावातल्या माणसाने घरापुरते चार मासे धरावेत, ही जुनी रीत आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र तोच ओढा विक्रीसाठी आडवा बांधला, किंवा डोहात जिलेटीन अथवा विष टाकले, तर त्या पाण्यातली पुढची पिढीच संपते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास आपल्याकडे १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

शिकार आणि मासेमारीचे नियम म्हणजे सरकारी अडवणूक, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. या नियमांचा गाभा अगदी साधा आहे: विणीच्या काळात जिवाला मोकळे सोडावे आणि निदान एकदा प्रजनन होईपर्यंत त्याला जगू द्यावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती यासाठीच. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी त्याच्यासह अनेक जातींची पकडण्यायोग्य किमान लांबीही राज्याने ठरवून दिली. तरीही तळहातापेक्षा लहान पापलेट बाजारात दिसते आणि आपण ते स्वस्त म्हणून घेतो.

उजनीच्या जलाशयात हाच प्रश्न वडाप जाळ्याचा आहे. अत्यंत बारीक आसाच्या, म्हणजे छिद्रांच्या, या जाळ्यात बोटाएवढी पिल्लेही अडकतात. मोठ्या आसाचे जाळे वापरून नियम पाळणाऱ्या मच्छीमाराचेच यात सर्वाधिक नुकसान होते, कारण त्याने सोडलेला लहान मासा दुसरा कोणीतरी त्याच रात्री उचलून नेतो. उजनीकाठच्या भिगवणला पक्षी पाहायला आपण हौसेने जातो. त्यांतल्या मासेखाऊ पक्ष्यांचे पोट याच पाण्यावर चालते.

जमिनीवरच्या प्राण्यांबाबत कायदा अधिक कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ठार मारणे ही तर शिकार आहेच, पण पकडणे, सापळा लावणे, विष घालणे आणि पक्ष्यांची अंडी वा घरटी नासवणे हीसुद्धा शिकारच आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. चिंकारा हे हरीण त्याच अनुसूचीत आहे. बारामती तालुक्यातले मयूरेश्वर सुपे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. तिथला चिंकारा हद्दीबाहेरच्या माळरानावर चरायला येतो, तेव्हा त्याला वाचवणारे कुंपण नसते, हा कायदाच असतो.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे. साहेब आणि संस्थानिक हौसेने वाघ मारत होते, तेव्हा १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि फासे लावून पोट भरणारा पारधी पुढे त्याच कचाट्यात सापडला. आजही पहिला हात फासेवाल्यावरच पडतो, आणि घोरपडीचे मांस मागवणारा शहरी गिऱ्हाईक नामानिराळा राहतो. कारवाई गिऱ्हाइकापर्यंत आणि व्यापाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. मासळीच्या बाबतीतही तपासणी केवळ बंदरावर आणि धरणावर न होता पुण्याच्या घाऊक बाजारात, पहाटे माल उतरतो तिथे, मोजपट्टी हातात घेऊन झाली पाहिजे. आणि नद्या-ओढ्यांमध्ये चढणीच्या काळात विक्रीसाठीची मासेमारी पूर्ण थांबवून, त्या काळात स्थानिक मच्छीमार कुटुंबांना निर्वाह भत्ता द्यावा, अशी माझी जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे.