तूच लिहून आण, मी सही करतो

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, पण पोटतिडकीने लिहितोय, शेवटपर्यंत वाचा.

संध्याकाळी भाची वर्कशॉपवर आली. "मामा, तुमच्या प्रिंटरवर तीन पानं काढून घेऊ का?" काढ म्हटलं. मशिन बंद करून हात धुऊन आत आलो, तर ही कॉम्प्युटरसमोर बसून तिच्याच कॉलेजच्या लेटरहेडवर तिच्याच सर-मॅडमनी द्यायची शिफारसपत्रं दुरुस्त करतेय. एका पत्रात 'हार्डवर्किंग' होतं, दुसऱ्यात त्याचं 'डिलिजंट' केलं. एकाचा फॉन्ट टाइम्स ठेवला, दुसऱ्याचा कॅलिब्री. कशासाठी? तर तिन्ही पत्रं एकाच हाताने लिहिलीत असं वाटू नये म्हणून.

विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणे, "सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो." इतकं सहज सांगितलं की मलाच क्षणभर वाटलं, आपण उगाच विचारलं. वर्गातल्या सगळ्यांनी असंच केलंय म्हणे. यातल्या एका सरांनी तर तिला विचारलं, "रोल नंबर काय गं तुझा?" आणि त्यांच्या पत्रातली पहिली ओळ काय, तर 'मी या विद्यार्थिनीला चार वर्षांपासून जवळून ओळखतो.'

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोरगी ईअँडटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या, शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतेय, पर्ड्यू, जॉर्जिया टेक आणि अजून एकदोन ठिकाणी. मोठ्या विद्यापीठांना साधारण तीन पत्रं लागतात, आणि मुदती बऱ्याचशा डिसेंबरात. कोविडनंतर तिकडच्या कितीतरी इंजिनिअरिंग विभागांनी जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. मग उरलं काय? मार्क, मुलाने स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर आणि ही पत्रं. मुंबई आयआयटीचा पोरगा असेल तर नावावरच अर्धं काम होतं. आपल्या बांभोरी, शिरपूर, धुळ्याच्या पोरांबद्दल तिथल्या कमिटीला कोणीतरी सांगावं लागतं, की बाबांनो, ही पोरगी बघा, हिने हे हे केलंय. ते सांगायची एकच जागा आहे, आणि तिथे आपण 'सिन्सिअर अँड पंक्चुअल' लिहून पाठवतो.

अजून एक गोष्ट आजच कळली आणि तिथे माझा पाराच चढला. अर्जात मुलाला विचारतात, हे पत्र पुढे कधी बघण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेत १९७४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे विद्यार्थ्याला स्वतःच्या फायली बघता येतात. पण बहुतेक सगळी मुलं हा हक्क सोडतात, कारण शिक्षकाने मोकळेपणी लिहिलंय असं समोरच्याला वाटावं. भाचीनेही 'हो, सोडते' वर क्लिक केलंय. जे पत्र मी कधीच बघणार नाही असं तिने लिहून दिलं, ते तिने स्वतः टाइप केलंय! बावीस वर्षांची पोर परदेशात शिकायला निघाली आणि पहिलंच पाऊल आपण तिला खोटं टाकायला लावलं. तिने नाही, आपण. लिंक सरांच्या ईमेलवर येते, तर सर मोबाइलच तिच्या हातात देतात, "तूच भर, मी लेक्चर घेऊन येतो." त्या फॉर्मात विचारलेलं असतं, ही मुलगी तुमच्या पहिल्या पाच टक्क्यांत आहे का, पहिल्या दहात आहे का? तिथली टिकही तीच करणार.

आता तिने काय केलंय ते ऐका, म्हणजे माझा संताप कळेल.

सावद्याला आमच्या नात्यातल्यांचं केळीचं रायपनिंग चेंबर आहे. इथिलीन सोडून, सोळा-अठरा डिग्रीला केळी पिकवतात. त्यांची तक्रार अशी की एकाच खोलीतला अर्धा माल पिवळा होतो आणि अर्धा हिरवा राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ही पोरगी क्रेटच्या थप्प्यांमध्ये सेन्सर लावून बसली. स्वेटर घालून आत जायची, बाहेर येऊन वहीत आकडे उतरवायची. शेवटी सापडलं की क्रेट भिंतीला आणि पंख्याला इतके चिकटवून रचतात की हवा फिरतच नाही, दाराकडची थप्पी दोन डिग्रीने गरम राहते. मशिनमध्ये काही दोष नव्हता. दोष रचण्यात होता. थप्प्यांत वीतभर फट सोडली आणि माल एकसारखा पिकायला लागला. ही इंजिनिअरिंग नाही तर काय आहे?

आणि त्या सुट्टीत कॉलेजची लॅब तिच्यासाठी उघडून कोण बसलं होतं? सर नाहीत. लॅब असिस्टंट. पारोळ्याकडचे आप्पा, रिटायरमेंटला आलेले. सेन्सर बिघडला की ही जळगावला पळायची आणि आप्पा किल्ली घेऊन हजर. अंधार पडायचा, ही म्हणायची, आप्पा तुम्ही जा घरी. तर ते स्टुलावर बसून, "पोरी, तू कर तुनं काम, मी आठेच शे." म्हणजे, मी इथेच आहे. या पोरीला चार वर्षांत जवळून ओळखणारा कॉलेजात एकच माणूस आहे आणि त्याच्या पत्राला वजन नाही. पत्र देणारा कोण, त्याचं पद काय, हे फॉर्ममध्ये विचारतात.

मी तिला म्हटलं, बाई गं, या तिन्ही पत्रांत ते चेंबर कुठाय? गप्प बसली. मग म्हणाली, "सरांना ते माहीतच नाही मामा. तिकडून कोणी फोन करून विचारलं तर त्यांची पंचाईत होईल."

म्हणजे बघा. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तिने स्वतःच्या हाताने पत्रातून वगळलं, सही करणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून. हे ऐकल्यापासून मला जेवण गेलेलं नाही.

कन्सल्टन्सीवाल्यांबद्दल काय बोलावं! पैसे भरा, तिन्ही पत्रं आणि निबंध तयार मिळतो. लग्नपत्रिकेसारखं, वधूवरांची नावं बदला की झालं. 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं' या वाक्याने सुरू होणारे किती अर्ज दरसाल जळगावातून जात असतील? पण त्यांचा धंदा आहे, ते करणारच. शिक्षकांनी का करावं?

कबूल, प्राध्यापकांचे हाल आहेत. अर्धे तासिका तत्त्वावर, पगार वेळेवर नाही, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. हेही कबूल की जर्मनीत बऱ्याच कोर्सेसना पत्र लागतच नाही. तिथे मार्क आणि विषयांचे क्रेडिट बघतात, आणि एपीएसचं, म्हणजे इथली कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं. पण म्हणून ज्यांना लागतं त्यांच्या तोंडाला पानं पुसायची का? इंग्रजी कच्चं आहे, हे कारण तर मी ऐकूनच घेणार नाही. साध्या दहा वाक्यांत 'हिने असं असं केलं, मी बघितलं' एवढं लिहायला कुठलं इंग्रजी लागतं?

आणि बारावीनंतर थेट बाहेर जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं लागतात, एक गणित-विज्ञानाचा आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांचा. आपल्याकडे अकरावी-बारावीला कॉलेजात नावापुरता प्रवेश आणि दिवसभर क्लास. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडमनी पोराचं तोंड तोंडी परीक्षेपलीकडे कधी पाहिलंय का? नाही. मग पत्र कोण लिहिणार, क्लासचा काउंटरवाला? पालकांनो, ही व्यवस्था आपणच पैसे मोजून उभी केलीय.

याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी मास्तर होते. छात्रालयातल्या पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. तेवढं कोणी करावं असं मी म्हणत नाही. एक पान मागतोय.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, म्हणून चांगलंही सांगतो. तिघांपैकी एका मॅडमना भाचीने आताच फोन केला, माझ्यासमोरच. मॅडम म्हणाल्या, तू दिलेला कागद राहू दे, उद्या वही घेऊन ये, मला आधी ते चेंबर समजावून सांग. पोरीचा चेहरा असा काही खुलला! तिला कौतुक नको होतं हो. कोणीतरी वही उघडून बघावी एवढंच हवं होतं. मॅडमना तिने असंही सांगितलं की आप्पांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे. मॅडम आप्पांशी बोलणार आहेत. आप्पांच्या पत्राला वजन नसलं तरी त्यांनी काय पाहिलं हे मॅडमना लिहिता येईलच ना.

माझ्या यादीत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांमधले बरेच सर-मॅडम आहात. रागावू नका, रागावलात तरी चालेल. या महिन्यात पोरं तुमच्या केबिनबाहेर उभी राहतील, सही मागायला. त्यांना आत बोलवा, बसवा, प्रोजेक्टची वही मागा, आणि पत्र स्वतः लिहा. ज्या पोराला खरंच ओळखत नसाल त्याला सरळ सांगा, बाळा, दुसऱ्या कोणाकडे जा. तेही चालेल, निदान तो वेळेत दुसरा माणूस शोधेल. पत्राच्या फॉर्ममध्ये नेमकं काय विचारतात ते मी आणि भाची बसून मराठीत लिहून काढतोय. ज्यांना हवं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये नंबर टाका, रविवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.